जगद्गुरू नेमायचा अधिकार कुणाचा? पाटगावच्या क्षात्रपीठाची पार्श्वभूमी

स्वामींच्या नावाआधी ‘जगद्गुरू’ ही पीठाच्या प्रमुखाची पदवी लावायची की नाही, हा वाद आता कोर्टकचेऱ्यांपर्यंत जातो. उत्तराखंडातल्या ज्योतिर्मठ या शंकराचार्य पीठाच्या गादीचं भांडण कित्येक दशकांचं. २०२२ मध्ये तिथल्या पट्टाभिषेकाला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. कोल्हापूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी इथल्या दरबारानं चक्क नवा जगद्गुरू नेमला होता.

सुरुवात १८९९ च्या कार्तिकस्नानाची. पंचगंगेवर शाहू महाराजांचं स्नान चालू असताना भटजी वेदोक्त म्हणजे वेदांतले नव्हे, पुराणोक्त म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणत होते. महाराज शूद्र, म्हणून त्यांना वेदमंत्र नाहीत, असा त्यामागचा हिशेब. राजोपाध्यांनीही, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनीही, वेदोक्त करायला नकार दिला आणि १९०२ मध्ये त्यांची इनामं जप्त झाली. पण खरी मेख पुढं होती. या प्रश्नावर धर्माचा शेवटचा शब्द कुणाचा? करवीर (म्हणजे कोल्हापूर)-संकेश्वर मठाच्या शंकराचार्यांचा.

आता हा मठ आद्य शंकराचार्यांच्या प्रसिद्ध चार आम्नाय पीठांपैकी, म्हणजे चार मूळ मठांपैकी नव्हे. शृंगेरी, द्वारका, पुरी, ज्योतिर्मठ या यादीत करवीर सापडत नाही. तरी या भागात त्याचा दबदबा मोठा. प्रायश्चित्त, बहिष्कार, सगळं तिथून चालायचं. आणि हा दबदबा इनामांवर उभा होता, हे विसरून चालत नाही. १९०३ मध्ये तेव्हाच्या स्वामींनी दरबारची संमती न घेता ब्रह्मनाळकरांना उत्तराधिकारी शिष्य केलं, तेव्हा महाराजांनी मठाच्या उत्पन्नावरच टाच आणली. पुढं १९०५ मध्ये याच ब्रह्मनाळकर स्वामींनी महाराजांचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला. शास्त्र तेच, ग्रंथ तेच. दोन वर्षांत निर्णय मात्र फिरला. १९१७ मध्ये डॉ. कुर्तकोटी करवीरच्या गादीवर आले, तेही महाराजांच्याच पाठिंब्यानं.

मग १९२० साली महाराजांनी हा गुंताच तोडला. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिण दिग्विजयाआधी शिवाजी महाराज या मौनी महाराजांच्या दर्शनाला गेले होते, अशी परंपरा. त्याच मठाच्या गादीवर बेनाडीच्या सदाशिवराव पाटील या शिकलेल्या मराठा तरुणाला बसवून ‘क्षात्रजगद्गुरू’ ही पदवी दिली. मराठ्यांची धर्मकार्यं मराठा पुरोहितांनी करावीत आणि त्यांच्यावर गुरूही त्यांचाच असावा, असा बेत. त्याच वर्षी पुरोहित घडवायला कोल्हापुरात श्री शिवाजी क्षत्रिय वैदिक स्कूलही निघालं.

विरोधकांचा आक्षेप सरळ होता: राजाच्या हुकमानं कुणी जगद्गुरू होतो का? हा आक्षेप मला तरी लंगडा वाटतो. ज्या पीठाच्या उत्तराधिकाऱ्याला दरबारची मान्यता लागायची, त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे विचारावं, म्हणजे कमालच. झोंबणारा प्रश्न घरातूनच आला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यातला दलाल काढून टाकायला. कोल्हापुरात समाजाची शाखा १९११ मध्ये महाराजांच्याच आश्रयानं उभी राहिली. त्या विचाराच्या मंडळींना भटाच्या जागी पाटील बसवून काय साधलं, असं वाटणं स्वाभाविक होतं. ब्राह्मणी मक्तेदारी मोडायची तर आधी पर्यायी गादी हवी, हे महाराजांचं राजकारण. गादीच नको, हे सत्यशोधकांचं तत्त्व. दोन्ही आपापल्या जागी खरी, आणि एकमेकांत बसणारी नव्हेत.

६ मे १९२२ ला महाराज गेले आणि या पदवीमागचं बळच गेलं. करवीर पीठाचा मठ आजही शुक्रवार पेठेत आहे, तिथले स्वामी शंकराचार्य म्हणूनच ओळखले जातात. पाटगावला मौनी महाराजांच्या समाधीला लोक जातात, पण ‘क्षात्रजगद्गुरू’ म्हटल्यावर चटकन अर्थ सांगणारे आता बहुतेक इतिहासाचे अभ्यासकच.