इम्युनोथेरपी आणि खान्देशातला उन्हाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले कर्करोगाचे अनेक रुग्ण मुंबईला उपचार घेऊन गावी परततात. इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराची, खरी जोखीम बहुधा औषध चढवताना नसते. ती घरी आल्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत, कधी औषध बंद झाल्यावरही उद्भवते.

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाहीत. रोगाशी लढणाऱ्या आपल्या टी-पेशींना आवर घालणारा पीडी-१ नावाचा ब्रेक ती सोडवतात. या ब्रेकांवरील संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. मात्र मोकळ्या झालेल्या पेशी निरोगी आतडी, फुफ्फुसे, यकृत, ग्रंथी, क्वचित हृदयावरही तुटून पडतात.

आपल्याकडे अडचण अशी की एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांकडे झुकला की जुलाब, गळून जाणे, सतत तहान या साऱ्यांना ‘ऊन लागलं’ हे एकच उत्तर तयार असते. परंतु या रुग्णात जुलाब आतड्याच्या दाहाचे, थकवा थायरॉइड, पिट्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथीच्या बिघाडाचा, आणि तहान व वारंवार लघवी अचानक उद्भवलेल्या मधुमेहाची खूण असू शकते. कोरडा खोकला आणि धाप यांकडेही दुर्लक्ष चालत नाही. नुसत्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांनी दाह झाकला जातो, शमत नाही. गंभीर दाहाला स्टेरॉइड लागते, आणि बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडल्यास त्रास उलटतो, कारण मात्रा साधारण चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवायची असते. म्हणून उपचाराची फाइल गावच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवावी. ‘केमो चालू आहे’ एवढे सांगणे अपुरे, कारण केमोचे जुलाब आणि हे जुलाब यांचे उपचार वेगळे.

हे औषध प्रत्येकासाठी नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असेल तर त्याचा उपयोग सहसा फारसा होत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असेल किंवा आमवातासारखा आजार असेल तर धोका वाढतो, ते आधीच सांगावे. खर्चही मोठा, त्यामुळे टाटा मेमोरियलच्या डोके-मानेच्या कर्करोगावरील अभ्यासाचे मोल आपल्या तंबाखूग्रस्त भागाला अधिक वाटावे. तोंडावाटे घ्यायच्या औषधांना दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबच्या अवघ्या 20 मिलिग्रॅमची जोड दिल्यावर एका वर्षानंतर 43.4 टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅबच्या जोडीशिवाय 16.3 टक्के. अर्थात कमी मात्रा कोणाला पुरेल हे तज्ज्ञानेच ठरवायचे.

कुपी स्वतः आणायची वेळ आलीच तर तिला 2 ते 8 अंशांतच ठेवावे, बर्फाला थेट टेकवू नये. गोठलेले औषध वापरता येत नाही.