सहा काढून चार, चार काढून सहा

मराठवाड्यात गाडीचं इंजिन बदलणं ही नवी हौस नाही, तिची दिशा तेवढी उलटली आहे. आज हिंदुस्थान मोटर्सची जुनी कॉन्टेसा बाळगणारा एखादा हौशी तिचं चार सिलेंडरचं इंजिन उतरवून जपानी सहा सिलेंडरचं बसवायचं म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वीचे वस्ताद नेमकं याच्या उलट करत होते.

तेव्हाच्या मोठ्या गाड्या अमेरिकी. जनरल मोटर्सची जुळणी मुंबईत शिवडीला १९२८ मध्ये सुरू झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने १९४७ पासून कुर्ल्यात डॉज-प्लिमथ जोडल्या. या गाड्यांत बहुधा साडेतीन लिटरच्या आसपासचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या अखेरीस कच्चं तेल काही महिन्यांत चौपट महागलं आणि असली गाडी पोसणं अवघड झालं. मग देशभर सहा सिलेंडर उतरले आणि त्यांच्या जागी चार सिलेंडरचं पर्किन्स या इंग्रज कंपनीचं डिझेल इंजिन चढलं. पुढे मॅटाडोर या टेम्पो-व्हॅनचं २४०४ सीसीचं इंजिन आलं, ते जीप आणि अॅम्बॅसेडरमध्येही बसलं. खुद्द महिंद्राने जीपला बी-२७५ ट्रॅक्टरवर बेतलेलं डिझेल दिलं होतं, त्यामुळे मिस्त्रीला कोण नावं ठेवणार? सहा सिलेंडर म्हटलं की ट्रकच डोळ्यांपुढे यायचा, १९५४ पासून जमशेदपूरहून निघणारा टाटा-मर्सिडीज.

कॉन्टेसा आली १९८४ मध्ये. तिचं मूळ इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, १९७२ ची एफई मालिका. हिंदुस्थान मोटर्सने एवढ्या मोठ्या अंगाच्या गाडीत अॅम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन घातलं, आणि ते चढाला धापा टाकी. इसुझूचं १.८ लिटर आल्यावर कुठे गाडीत जीव आला. बॉनेट उघडलं की रेडिएटर आणि इंजिनात उरलेली जागा पाहून लोक हसत. पण ती जागा उगाच नव्हती. इंग्लंडमध्ये याच कवचात व्हेंटोरा नावाची थोरली बहीण निघायची, तिला ३२९४ सीसीचं एका रांगेतलं सहा सिलेंडर होतं. म्हणून कॉन्टेसात लांब इंजिन मावतं. अॅम्बॅसेडरमध्ये तेच करायला फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, कापावी लागते, आणि त्या गाडीला वेगळी चेसी (खालचा सांगाडा) नाही, कवचच सगळा भार पेलतं. तिथे कापाकापी करूच नये.

आता पसंती टोयोटाच्या सहा सिलेंडरच्या जेझेड इंजिन मालिकेला. १जेझेड २४९२ सीसीचं, २जेझेड २९९७ सीसीचं. दोन्हींचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ८६ मिमी, ब्लॉक बिडाचा. जपानही आपल्यासारखं उजव्या स्टिअरिंगचं आणि ही इंजिनं ज्यांत येत त्या टोयोटाच्या क्राऊन, मार्क टू या गाड्यांचा जोर कॉन्टेसासारखाच मागच्या चाकांवर, म्हणून मांडणी जुळते. मुंबईच्या कुर्ला किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या मालाच्या बाजारातून इंजिन घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरातला दाब, मोजावं. सहाही सिलेंडरांत १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. इंजिन ऑटोमॅटिक गाडीचं असेल तर फ्लायव्हील नसतं, गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक धरणारं पायलट बेअरिंग नसतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे सिग्नल शोधत बसतो. हा खर्च आधीच धरावा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं ऑईल सील इंजिन बाहेर असतानाच बदलावं.

खरी गाठ चेंबरशी, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याशी, पडते. जेझेडच्या ऑईल चेंबरचा खोल भाग प्रत्येक मॉडेलात एकाच जागी नसतो, कुठे पुढे, कुठे मागे. तो पुढच्या क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या पट्टीवर) आदळला की मिस्त्री चेंबर कापून वेल्डिंग करतो आणि स्ट्रेनर, म्हणजे तेल ओढणारी जाळी, जुन्याच जागी राहतो. मग ब्रेक दाबला की तेल पुढे सरकतं, स्ट्रेनर हवा ओढतो आणि मेन बेअरिंग वाजायला लागतं. चेंबर बदलला की स्ट्रेनरची नळी आणि डिपस्टिकही बदलायची, आणि स्ट्रेनर तळापासून ८-१० मिमीवर ठेवायचा. इंजिन बसवायचे फाउंडेशनचे ब्रॅकेट वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या लेथवर चांगले बनतात, अडचण तिथे नाही.

जेझेडचा एक्झॉस्ट उजव्या बाजूला, आपला स्टिअरिंग शाफ्टही उजवीकडेच. मधे पत्र्याचं हीट शील्ड लागतं. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप चार-पाच पीएसआय देतो, जेझेडच्या फ्युएल इंजेक्शनला चाळीसच्या पुढे हवं, म्हणून इलेक्ट्रिक पंप लागतो. उरलेलं पेट्रोल परत न्यायला टाकीपर्यंत रिटर्न लाईन ओढावी लागते. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा बनवून बॅलन्स करून घ्यावा. गिअरबॉक्सचा आणि पिनियनचा (अॅक्सलमधल्या छोट्या दात्यांच्या चाकाचा) कोन समांतर नसेल तर गाडी वेग धरताच थरथरते आणि शाफ्टचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात. मागचा अॅक्सल जेमतेम ८८ अश्वशक्तीचा जोर पाहिलेला, त्यावर दुपटीहून जास्त जोर आला की आधी क्राऊन-पिनियनचे दात उडतात. आणि ब्रेक आधी सुधारायचे, इंजिन नंतर. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात.

मराठवाड्याचा स्वतःचा त्रास म्हणजे पाणी. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे, आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी. क्षार नळ्यांत बसतात, वरून रेडिएटर नवा दिसतो आणि आतून बुजलेला असतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, तीन कोरचा रेडिएटर, दोन इलेक्ट्रिक पंखे आणि प्रत्येकाला स्वतंत्र रिले. जुन्या वायरिंगवर पंखे जोडले तर वायर जळते.

कागदांची बाजू कडक आहे. त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. म्हणून अशा गाड्या रस्त्यापेक्षा खाजगी आवारातच शोभतात. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं जुन्या, मोठा बदल न झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये त्या वयाला पोहोचतील. तेव्हा आरसीवरच्या (नोंदणीच्या कागदावरच्या) नंबरचं मूळ इंजिनच कामी येईल. उतरवलेलं इंजिन भंगारात घालू नका. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑईल सोडा, प्लग परत आवळा, कार्ब्युरेटरचं तोंड चिंधीने बंद करा आणि फळीवर उभं ठेवा.