डोहाळ्यांच्या आडोशाला नैराश्य

सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, सातव्या महिन्यातल्या बाईच्या मांडीवर सूप नीट बसत नाही, पोट आड येतं. तरी विड्या वळाव्याच लागतात, कारण मजुरी हजार विड्यांमागे ठरते. अशात झोप उडाली, जेवण नकोसं झालं, तर सासू म्हणते, "पोटुशी बाईला असं व्हायचंच." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पंचाईत अशी की नैराश्याची लक्षणंही हीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत १५.६ टक्के स्त्रियांना गरोदरपणी मानसिक आजार होतो. त्यात मुख्य नैराश्य. तपासणीत वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं. मनाचं कोण विचारतं?

विचारायचं कसं, हे १९८७ पासून ठाऊक आहे. नैराश्य चाचपणाऱ्या एडिंबरा प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत, तेही गेल्या सात दिवसांबद्दल. थकवा, भूक यांना त्यात मुद्दाम जागा नाही. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, असं विचारतात. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तो विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत.

बाळापर्यंत आईचं नैराश्य पोचतं कसं? ताणात आईच्या रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढू शकतं. वारेतलं एक विकर (एन्झाइम) त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं. दीर्घ ताणात हा पहारा ढिला पडतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय उदास बाई नीट जेवत नाही, तपासणी चुकवते. उपचार न झालेल्या नैराश्यात अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका काहीसा वाढतो, बाळंतपणानंतरही आजार रेंगाळतो. पुढे मुलांत भावनिक अडचणी थोड्या अधिक आढळतात. तरी बहुतेक मुलं ठणठणीत वाढतात. आणि तंबाखूची धूळ, रक्तक्षय यांनीही वजन घटतं, तेव्हा सगळं खापर आईच्या मनावर फोडणं अन्यायाचं होईल.

उपचाराला दर वेळी मोठा डॉक्टर लागतोच असं नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्यांना समुपदेशन शिकवलं. २००८ साली निष्कर्ष आले: बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, असं समुपदेशन न मिळालेल्या गटात ५३ टक्के. बाळांच्या वजन-उंचीत फरक पडला नाही, पण जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या.

नैराश्याच्या गोळ्या चालू असताना दिवस गेले, तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. कोणती ठेवायची, कोणती बदलायची ते डॉक्टर ठरवतील. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.