वाजवी मूल्य (वित्तीय अहवालातील)

ताळेबंदाच्या दिवशी, कोणावरही विक्रीची सक्ती नसताना, बाजारात मालमत्ता विकून जी किंमत मिळेल किंवा दायित्व (देणे) दुसऱ्याकडे सोपवायला जी मोजावी लागेल, तिला वाजवी मूल्य म्हणतात. मालमत्ता कितीला घेतली होती किंवा ती विकायचा कंपनीचा विचार आहे का, याला इथे महत्त्व नाही. अमेरिकेत ही व्याख्या एफएएस १५७ (२००६) या हिशेबाच्या मानकाने घालून दिली. आज ते एएससी ८२० म्हणून ओळखले जाते. आयएफआरएस १३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१३ पासून लागू झाले. कोणती बाब वाजवी मूल्याने दाखवायची हे इतर मानके ठरवतात; ती कशी मोजायची आणि वाचकाला काय सांगायचे, हे या मानकात आहे.

मोजणी कशाच्या आधारावर झाली, त्यावरून तीन स्तर पडतात. पहिल्या स्तरात त्याच मालमत्तेचा चालू बाजारभाव थेट मिळतो. शेअर बाजारातल्या शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, की झाले मूल्य. सगळे शेअर एकदम विकायला काढले तर भाव पडेल, म्हणून त्यातून काही वजा करता येत नाही. दुसऱ्या स्तरात तशाच रोख्यांचे भाव, व्याजदर अशी बाजारात दिसणारी माहिती वापरतात. तिसऱ्या स्तरात मात्र महत्त्वाचे आकडे कंपनीच्या स्वतःच्या अंदाजातून येतात, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

समजा, शेअर बाजारात नोंद नसलेल्या एका व्यवसायातून दरवर्षी १० कोटी कायम मिळत राहतील, असा अंदाज आहे. परताव्याचा दर १० टक्के धरला तर मूल्य (१० कोटी भागिले १० टक्के) १०० कोटी येते. १२ टक्के धरला तर सुमारे ८३ कोटी. व्यवसाय तोच, पण दोन टक्क्यांच्या फरकाने १७ कोटी गेले. म्हणून ताळेबंदातला एकटा आकडा पुरत नाही. तिसऱ्या स्तरासाठी ताळेबंदाला जोडलेल्या टिपांमध्ये मोजणीची पद्धत, धरलेले दर, आणि ते बदलले तर मूल्य कुठे सरकेल, हे सांगावे लागते. वर्षारंभीची शिल्लक वर्षअखेरीच्या शिल्लकीपर्यंत कशी पोचली, म्हणजे खरेदी, विक्री, नफा-तोटा आणि एका स्तरातून दुसऱ्यात झालेली हलवाहलव, याचाही हिशेब द्यावा लागतो. अहवाल वाचणाऱ्याने आधी या टिपा उघडाव्यात. कंपनीचे अंदाज किती सैल आहेत, ते इथेच कळते.

दायित्वांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. कंपनीची पत घसरली की तिने काढलेल्या रोख्यांचे मूल्य उतरते, आणि देणे कमी झाल्यामुळे हिशेबात फायदा दिसतो. २००८च्या आर्थिक संकटाच्या काळात बँकांच्या निकालांत असे फायदे दिसले तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. आयएफआरएस ९ या वित्तीय साधनांसाठीच्या मानकानुसार हा फरक आता सहसा नफा-तोटा पत्रकात न घेता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे नफ्याबाहेर वेगळा, दाखवतात.