आधी पिन की आधी स्पीकर?

नाशकात गंगापूर रोडला आम्ही चार-पाच रेकॉर्डवेडे जमलो की हा वाद ठरलेला. टर्नटेबल घेऊन झालंय, आवाज बरा आहे पण पाहिजे तसा नाही, मग आता पैसे घालायचे कशात? पिनमध्ये, फोनो प्रीअॅम्पमध्ये (पिनेकडून आलेला बारीक सिग्नल वाढवून नीट करणारी डबी), की सरळ मोठे स्पीकर आणून मोकळं व्हायचं? माझं मत पहिल्यापासून पिन आणि फोनो, पण ते का हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण या यंत्रातला एकेक भाग कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीवरचा तोडगा आहे आणि त्यातले मधले बरेच तोडगे आपल्या घरांपर्यंत पोचलेच नाहीत.

1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं, तिथून पुढे पन्नासेक वर्षं आपल्याकडे 78 चंच राज्य. लाखेची तबकडी, मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं की संपलं. त्या लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असायची, म्हणजे तबकडीच स्टीलच्या पिनेला घासून घासून आपल्या खाचेच्या मापाची करून घ्यायची! म्हणून एका बाजूला एक पिन, वाजवली की टाकून द्या. दोनशे पिनांच्या त्या पत्र्याच्या चपट्या डब्या जुन्या नाशकातल्या वाड्यांत अजून फडताळात सापडतात, आत हल्ली शर्टाची बटणं असतात ती गोष्ट वेगळी.

आपल्या नाशकात जन्मलेले (1921) गायक द. वि. पलुस्कर हे याच काळातले. ते 1955 मध्ये गेले आणि स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या 1958 च्या आसपास. म्हणजे त्यांचा आवाज आपल्याकडे आहे तो मोनोच. हे सांगायचं कारण असं की मोनो रेकॉर्डची खाच फक्त आडवी हलते, स्टिरिओ कार्ट्रिज (पिन बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) मात्र उभी हालचालही उचलते, आणि मोनो रेकॉर्डमध्ये त्या उभ्या हालचालीत गाणं नसतं, नुसती खरखर असते. अॅम्पवर मोनोचं बटण असेल तर दाबून बघा, फुकटातलं अपग्रेड आहे.

1948 ला अमेरिकेत कोलंबियाने लाँग प्ले काढली, 33⅓ फेऱ्यांची, विनाइलची, बारीक खाचांची. 78 ची पिन टोकाला साधारण 75 मायक्रॉन, एलपीची 25, पुढे स्टिरिओची 18 वगैरे. आपल्याकडच्या रेकॉर्ड प्लेयरवर यावर जुगाड होता: कार्ट्रिजला एक छोटी दांडी, ती फिरवली की एका अंगाला 78 ची पिन आणि दुसऱ्या अंगाला एलपीची. आमच्याकडे वडिलांचा एचएमव्हीचा सुटकेसवाला प्लेयर होता त्यावर हेच होतं, आणि ती कार्ट्रिज होती सिरॅमिक.

ही सिरॅमिक म्हणजे सगळ्या गोष्टीचं मूळ. काय आहे, रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे चढवतात, दोन टोकांना वीस-वीस डेसिबलच्या आसपास, नाहीतर खर्जाच्या नागमोडी खाचा इतक्या रुंद होतील की एलपीत गाणंच मावणार नाही. 1954 पासून याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए कर्व्ह. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं. सिरॅमिकचा स्वभावच असा की हे काम ती अंदाजपंचे आपोआप करते, वर आवाजही दणकून देते, म्हणून व्हॉल्व्हच्या रेडिओच्या मागच्या पिकअप सॉकेटमध्ये वायर घातली की घर गाजायला लागायचं. फोनो प्रीअॅम्प नावाचं काही असतं हे कुणाला माहितीच नव्हतं. बदल्यात ती पिन पाच-सहा ग्रॅम वजनाने रेकॉर्ड दाबायची, आणि उडी मारायला लागली की आमचे काका वर पावली ठेवायचे. जुनी पावली अडीच ग्रॅमची. आजची साधी मॅग्नेटिक कार्ट्रिज सगळी मिळून दोन ग्रॅमवर चालते!! म्हणजे नुसती पावलीच त्याहून जड. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर जुन्या एलपी घेतल्यात त्या करड्या का दिसतात ते मला तेव्हा कळलं.

बाहेर तोवर बरंच घडून गेलं. 1961 ला अमेरिकेत एआर नावाच्या कंपनीने स्प्रिंगवर तरंगणारं बेल्टचं टर्नटेबल काढलं, 1972 ला टेक्निक्सचं एसएल-1200 आलं, आणि त्याच सुमारास स्कॉटलंडच्या लिन या टर्नटेबलवाल्या कंपनीने आमचाच वाद घातला, की पिनेने जे उचललंच नाही ते स्पीकर कुठून देणार. आपल्याकडे इम्पोर्टेड माल म्हणजे ड्युटी नाहीतर दुबईहून येणारे पाहुणे. मग कॅसेट आली, सीडी आली, बऱ्याच अॅम्पवाल्यांनी फोनोचं सॉकेटच काढून टाकलं. म्हणून आज आत फोनो प्रीअॅम्प नसलेलं टर्नटेबल सरळ ऑक्सला (अॅम्पच्या साध्या सॉकेटला) जोडलं की आवाज बारीक आणि चिरका येतो, आणि दोष स्पीकरला!

मीही फसलोय. अमेरिकेतून आलेलं एक जुनं बेल्टवालं घेतलं, दुकानदार म्हणाला 110 चा ट्रान्सफॉर्मर लावा, झालं काम. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, 60 हर्ट्झचे 50 होतात त्याचं काय? मोटर त्या हर्ट्झच्याच तालावर फिरते, 33⅓ चे पावणेअठ्ठावीस फेरे झाले आणि काळी एकचा गवई खालच्या काळी पाचच्याही खाली गेला. 180 रेघांची स्ट्रोब चकती (वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात) जुन्या चोकच्या ट्यूबखाली धरली (एलईडीखाली बहुतेक जमत नाही) तर रेघा पळत होत्या. शेवटी अंबडला एका लेथवाल्याने जुनी पाच तर नवी सहा या हिशोबाने जाडी पुली करून दिली.

आता माझी लाडकी गोष्ट. एलपीवर बाहेरच्या काठाला पिनेखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलजवळ जेमतेम वीस. तेवढ्याशा जागेत तेवढंच गाणं कोंबलेलं. पाश्चात्त्यांचं ठीक आहे, आपला ख्याल बघा, विलंबित बाहेर निवांत आणि द्रुत, ताना, तबला सगळं नेमकं आत. साधी गोल पिन तिथे फाटते. सत्तरच्या सुरुवातीला जपानात जेव्हीसीच्या शिबाता यांनी चार चॅनलच्या रेकॉर्डसाठी वेगळ्या घडणीची पिन केली, चार चॅनल बुडाले, पिन राहिली. आज ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 सिरीजमध्ये कार्ट्रिज तीच ठेवून नुसती पिन उपसून शिबाता घालता येते, 78 ची सुद्धा मिळते.

मोठे स्पीकरच घ्यायचे म्हणणाऱ्या मित्राला माझ्याकडे एका द्रुत बंदिशीवर दोन्ही पिना ऐकवल्या. त्याने स्पीकरच घेतले. शिबाता उसनी नेलीये, दोन महिने झाले.