चर्चिल यांची सिगार आणि राजाचे फुप्फुस

‘चर्चिल जन्मभर सिगार ओढूनही नव्वद वर्षे जगले’ हा धूम्रपानाच्या समर्थनार्थ हमखास दिला जाणारा दाखला दिशाभूल करणारा आहे. त्यांच्या ओठांतली सिगार पुष्कळदा विझलेली असे आणि १९५३ साली पंतप्रधानपदी असतानाच त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, हे सांगितले जात नाही. त्यांचेच राजे सहावे जॉर्ज यांना सिगारेटचे व्यसन होते. सप्टेंबर १९५१ मध्ये कर्करोगामुळे त्यांचे डावे फुप्फुस काढावे लागले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये, अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, ते निवर्तले. शस्त्रक्रियेच्याच वर्षी सुरू झालेल्या ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीत, सिगारेट न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटल्याचे आढळले.