पोलाद तेच, आकडा मात्र ०.८

दहा मीटर उंचीच्या एका पोलादी सांगाड्याचा माथा वाऱ्याने किती सरकतो, ते बघत होतो. मर्यादा उंचीच्या पाचशेव्या भागाची, म्हणजे २० मिलिमीटर. सॉफ्टवेअर सांगत होतं २२.५. अर्धी दुपार कॉलम जाड करण्यात गेली आणि मग ध्यानात आलं, की सकाळी मजबुतीच्या तपासणीसाठी पोलादाचा ताठपणा मीच वीस टक्क्यांनी कमी केला होता आणि तो पूर्ववत करायचा राहून गेला होता. २२.५ गुणिले ०.८ म्हणजे १८. सांगाडा सकाळपासूनच पास होता.

मुळात असा ताठपणा कमी का करायचा? तो काही मनाला येईल तसा बदलण्यासारखा आकडा नाही. ताकद म्हणजे किती भाराला वस्तू हार मानेल, आणि ताठपणा म्हणजे भार आल्यावर ती किती वाकेल. पोलादाची ताकद प्रतीनुसार बदलते, पण त्याचा ताठपणा सांगणारा 'ई' सगळ्या प्रतींना जवळजवळ एकच असतो, साधारण २,००,००० मेगापास्कल. महागातलं पोलाद घेतलं तर ते उशिरा मोडेल, पण कमी वाकेल असं नाही.

गोम आहे ती गिरणीतून लालबुंद बाहेर पडणाऱ्या 'आय' आकाराच्या सेक्शनमध्ये. त्याच्या फ्लँजची, म्हणजे 'आय'च्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं आधी थंड होतात. मधला जोड जाड, तो मागाहून निवतो आणि आक्रसताना आधीच घट्ट झालेल्या टोकांना दाबून धरतो. हा दाब आत कायमचा राहतो. म्हणजे कॉलमवर एक किलोचाही भार यायच्या आधी त्याची टोकं दाबलेलीच असतात. भार वाढत गेला की हीच टोकं सर्वांत आधी हात टेकतात आणि उरलेल्या भागालाच वाकण्याला विरोध करावा लागतो. पोलाद तेच असतं, पण कोसळायच्या उंबरठ्यावरचा कॉलम मऊ झालेला असतो. रोजच्या वाऱ्यात तो त्या उंबरठ्याच्या जवळपासही नसतो.

म्हणून अमेरिकेच्या एआयएससी ३६० या संहितेने २००५ च्या आवृत्तीत 'डायरेक्ट ॲनालिसिस' पद्धत आणली आणि २०१० मध्ये तिला मुख्य पद्धतीचं स्थान दिलं. मजबुती तपासताना ताठपणा ०.८ पट घ्यायचा, फार दाबलेल्या कॉलमच्या वाकण्याचा त्याहूनही कमी. सरकणं, झोळ, कंपनं बघताना मात्र पूर्ण घ्यायचा.

इथे एक गंमत आहे. सगळ्याच भागांचा ताठपणा सारखाच घटवला, तर साध्या विश्लेषणात सांगाड्यातली बलं तसूभरही बदलत नाहीत. भाराची वाटणी ठरते ती कोण कोणापेक्षा किती ताठ यावरून, आणि ते प्रमाण तर तेच राहिलं. मग एवढा खटाटोप कशाला? कारण माथा सरकला की वरचं वजनही सरकतं, आणि ते सरकलेलं वजन सांगाड्याला आणखी ढकलतं. समजा, वरचं वजन सांगाडा कलंडवणाऱ्या वजनाच्या २० टक्के आहे. तर सरकणं आणि त्यासोबतचे मोमेंट, म्हणजे वाकवणारे जोर, साधारण १.२५ पट होतात. ताठपणा ०.८ केला की ते २० टक्के २५ होतात आणि गुणक होतो १.३३. फरक मामुली. पण ४० टक्क्यांपासून सुरुवात केली, तर १.६७ चे थेट २ होतात. डुगडुगणाऱ्या इमारतीलाच हा ०.८ खरा झोंबतो, आणि त्यासाठीच तो आहे.

आता सॉफ्टवेअरमधला खड्डा. ०.८ लिहायची सर्वांत सोपी जागा म्हणजे मटेरियलच्या पानावरचा 'ई'. तिथे लिहू नये, असं माझं ठाम मत. कॉलम बाक घेऊन किती भाराला निकामी होईल, हे काढणाऱ्या सूत्रातही तोच 'ई' वापरला जातो, आणि त्या सूत्रात पूर्ण ताठपणाच घ्यायचा असतो. मटेरियलमध्ये हात घातला की एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा होते. सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही, नुसता कॉलम नापास करतं. विश्लेषणापुरता ताठपणा बदलणारा वेगळा गुणक बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो वापरावा. तापमानाचे भार असतील तर आणखी जपून, कारण त्यांची बलं ताठपणावरच पोसतात. तो घटवला की ती आपोआप कमी दिसतात.

काँक्रीटची गोष्ट याहून सरळ आहे, कारण तिथे कारण डोळ्यांना दिसतं. ३०० बाय ६०० मिलिमीटरचा बीम घ्या. काँक्रीट ताणाखाली साधारण ३.५ मेगापास्कलला फाटत असेल, तर मोमेंट ६३ किलोन्यूटन-मीटरला पोचताच बीमच्या तळाला केसाएवढ्या भेगा पडतात आणि तिथला ताण सळयांवर जातो. म्हणून अमेरिकी काँक्रीट संहिता एसीआय ३१८ मजबुतीसाठी बीमचा वाकण्याचा ताठपणा ०.३५ पट आणि कॉलमचा ०.७० पट धरू देते. रोजच्या भारात भेगा कमी, म्हणून तेव्हा याच आकड्यांच्या १.४ पट, पण अखंड सेक्शनपेक्षा जास्त नाही. उलट, चालण्याने हादरणाऱ्या कॉम्पोझिट (पोलाद आणि काँक्रीट मिळून भार घेणाऱ्या) स्लॅबसाठी काँक्रीटचा 'ई' नेहमीच्या १.३५ पट घेण्याचा प्रघात आहे, कारण झटपट येऊन जाणाऱ्या भाराला काँक्रीट जास्त ताठ उत्तर देतं. वर्षानुवर्षं बसून राहणाऱ्या भाराखाली मात्र ते हळूहळू दबत जातं, तेव्हा तोच 'ई' निम्म्याहूनही खाली धरावा लागतो.

त्या दुपारनंतर मी पोलादी सांगाड्याच्या मॉडेलच्या दोन प्रती ठेवतो, एक मजबुतीची आणि एक वापराची. दोन्हींचे नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे सांगाड्याला एक झोका पूर्ण करायला लागणारा वेळ, शेजारी शेजारी लिहून बघतो. वस्तुमान तेच आणि ताठपणा सगळीकडे ०.८, म्हणजे मजबुतीच्या प्रतीचा आवर्तकाल १.१२ पट यायला हवा. दोन्ही सारखेच आले, तर एका प्रतीत ०.८ घालायचा तरी राहिलाय किंवा काढायचा तरी.